गिरण्या थांबल्या तेव्हा ऐकलेला श्वास

टाळेबंदीच्या काळात मी घरात बसून, फोनच्या पडद्यावर, नर्सिंगच्या मुलींना बाळाला श्वास कसा द्यायचा ते शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण कॉलेजच्या बाई म्हणाल्या, "वाघमारे मॅडम, मुलींचं वॉर्डात जाणं बंद झालंय. तुम्ही निदान त्यांचा हात तरी बसवून द्या." फोनवरून कसला हात बसवणार? तरी हो म्हटलं. प्रत्येकीने घरातला एक टॉवेल गुंडाळायचा, वरच्या टोकाला गाठ मारून डोकं करायचं आणि ते बाळ समोर घेऊन बसायचं. सकाळी अकराला पडद्यावर चोवीस चौकटी उघडायच्या. कुठे ओटा, कुठे लोखंडी कॉट, कुठे देव्हारा. आणि चोवीस मुली चोवीस टॉवेलांवर वाकलेल्या. आवाज सगळ्यांचे बंद. पहिल्या दिवशी ते दृश्य मला फार वेळ बघवलं नाही.

त्यातल्या एकीचा, वरळी कोळीवाड्यातल्या भाविकाचा, माइक चुकून चालू राहिला होता. ती टॉवेलावर वाकून हळू फुंकर घालत होती आणि ती फुंकर माझ्या रिकाम्या घरात, माझ्या टेबलावर ऐकू येत होती. मी उठून स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, मग परत आले. वर्ग संपल्यावर तिनेच विचारलं, "मॅडम, पुस्तकात लिहिलंय आधी बघा. तुम्ही सारखं म्हणता आधी ऐका. असं का ओ?"

"सवय आहे गं," म्हटलं आणि फोन बंद केला.

सवय नव्हे. पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आता लिहिते आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात. बाहेर आल्यावर पहिल्या मिनिटभरात ते पाणी हटून तिथे हवा शिरावी लागते. बहुतेक बाळं हे काम आपलं आपण करतात आणि वर त्याबद्दल मोठमोठ्याने तक्रारही करतात. काही मात्र अडखळतात. त्यांना पुसायचं, पाठ चोळायची, तोंड आणि नाक साफ करायचं. तेवढ्याने भागलं नाही तर हवा द्यायची. मान अशी ठेवायची की बाळ फुलाचा वास घेतंय असं वाटावं. फार वाकली तरी वाट बंद, फार ताणली तरी बंद. तोंडाने हवा द्यायची वेळ आली तर छाती भरून फुंकायचं नाही, फक्त गालात मावेल तेवढीच हवा द्यायची. आणि मोजायचं. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. लोकांना वाटतं याला फार अक्कल लागते. अक्कल बेताचीच लागते. लागतो तो धीर, आणि थरथरत असताना मोजता येणं.

माझ्या हाताखालून किती मुली गेल्या ते मी कधी मोजलं नाही. अजूनही दादरच्या भाजीबाजारात एखादी भेटते, हातातल्या पिशव्या खाली ठेवते आणि भररस्त्यात हवेत हात दाबून "दाब, दोन, तीन" करून दाखवते. लोक वळून बघतात. मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

पण हे सगळं शिकवायला लागण्याआधी मी नऊ-दहा वर्षं लेबर रूममध्ये होते. आमचं प्रसूतिगृह लालबाग आणि परळ यांच्या मधल्या एका गल्लीच्या टोकाला होतं. नाव सांगत नाही. आता ते नाहीच. तिथे उंच इमारत आहे आणि तिच्या पोटात गाड्या ठेवायचे मजले आहेत. लेबर रूमची मागची भिंत आणि गिरणीच्या विणाई खात्याची भिंत यांच्यामध्ये फक्त एक गटार होतं. माग चालू असले की आमच्या भिंती थरथरायच्या. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या ट्रेमध्ये एकमेकींना लागून सारख्या बारीक किणकिणायच्या. नवीन मुलीला आठवडाभर त्याचा त्रास व्हायचा, मग तिला ते ऐकू येईनासं व्हायचं. आम्ही सगळ्याजणी वरच्या पट्टीत बोलायचो. घरीही तेच. माझे वडील त्याच विणाई खात्यात होते, कानाने अर्धे गेलेले. त्यांच्याशी बोलून बोलून आमचं सगळं घर ओरडूनच बोलायचं.

मग संप झाला. माग थांबले, भोंगे थांबले. पहिले काही दिवस मला सारखं वाटायचं की कुणीतरी खोलीत येऊन उभं आहे आणि बोलत नाही. कुप्या गप्प झाल्या. बाळंतिणीची किंकाळी गल्लीच्या तोंडापर्यंत जायला लागली, तिथला पानवाला मान वर करून खिडकीकडे बघायचा. आम्ही आपोआप हळू बोलायला लागलो, जसं काही कुणी आजारी आहे. वडील घरी बसून असायचे. एक दिवस म्हणाले, "शालू, आपल्या घड्याळाला आवाज आहे गं." ते घड्याळ माझ्या जन्माआधीपासून भिंतीवर होतं.

लेबर रूमच्या इनचार्ज होत्या परेरा सिस्टर. खोताच्या वाडीत राहायच्या, पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, टोपी अशी कडक खळीची की वाऱ्याने हलत नसे. मला सगळं त्यांनीच शिकवलं. नाळ कशी बांधायची, बाईला कधी रागवायचं आणि कधी नुसता हात धरून बसायचं. मेलेलं बाळ जन्माला आलं तर ते गुंडाळायचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. स्वच्छ पुसायच्या, धुतलेल्या हिरव्या कापडात घड्या घालून नीट बांधायच्या आणि बोट पाण्यात बुडवून त्याच्या कपाळावर बारीकसा क्रूस काढायच्या. बाळ हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, आमच्या बौद्धांतलं असो. मला ते दिसायचं. मी कधी हरकत घेतली नाही. त्यानंतर ते गाठोडं पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवून बाजूच्या खोलीत जायचं. त्या खोलीला आम्ही स्लूस म्हणायचो. मळक्या चादरी, बेसिनं, बादल्या असं सगळं तिथे असायचं. तासाभराने शांताराम मामा, आमचे वॉर्डबॉय, येऊन ते खाली घेऊन जायचे.

संपाच्या पहिल्या उन्हाळ्यातली दुपार होती, तीनचा सुमार. सावंतवाडीकडची रजनी नावाची मुलगी आमच्याकडे अडली होती. नवरा विणाई खात्यातला, त्या दिवशी मोर्चाला गेलेला. तिचं पहिलं मूल गावी दगावलं होतं, म्हणून ती या वेळी गावी न जाता मुंबईतच राहिली होती. बाळ आलं तेव्हा गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. मुलगा. पांढराफटक, आणि हातातून ओल्या कापडासारखा घसरणारा. परेरा सिस्टरनी त्या वेळच्या रीतीप्रमाणे त्याला पायाला धरून उलटा केला, तळव्यांना टिचक्या मारल्या, पाठीवर थापट्या दिल्या. छातीला स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ लावला. मी विचारलं, "हवेचा फुगा आणू?" तोंडावर मास्क धरून दाबायचा रबरी फुगा आमच्याकडे एकच होता आणि तो डॉक्टरांबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये गेला होता. तिथे सिझेरियन चालू होतं.

"राहू दे, शालू," सिस्टर म्हणाल्या. "ही इज गॉन."

रजनीने मान उचलून विचारलं, "सिस्टर, रडत नाय तो?"

सिस्टरनी तिचा हात धरला आणि सांगितलं. रजनी ओरडली नाही. तिने तोंड भिंतीकडे केलं. त्या भिंतीपलीकडे तिच्या नवऱ्याचं खातं होतं, आणि तिथेही काही हलत नव्हतं.

सिस्टरनी बाळ गुंडाळलं, कपाळाला पाणी लावलं. मी ट्रे नेऊन स्लूसमध्ये ठेवला. मग रजनीची वार पडली, टाके घालून झाले, आणि मी हत्यारं धुवायला परत स्लूसमध्ये गेले. नळ उघडायला हात पुढे केला आणि तेवढ्यात तो आवाज आला.

ओल्या फरशीवरून रबरी चप्पल उचलताना होतो तसा. एकदाच. मग काही नाही.

पाल असेल म्हणून मी छताकडे बघितलं. आमचं घर बौद्ध. भुतंखेतं, उतारे, अंगारे वडिलांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेले. मी पोरवयातही अंधाराला भ्यायले नव्हते. आणि इथे तर लख्ख दुपार होती, खिडकीतून ऊन थेट ट्रेवर पडलं होतं. तरी माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी नळ उघडला नाही. भीती वाटली की मी मोजते, तशी मोजायला लागले. अकरा मोजले आणि तो पुन्हा आला. आणि या वेळी हिरव्या कापडाची छातीवरची एक घडी, अगदी बोटभर, वर उचलली गेली आणि खाली बसली.

मी गाठ सोडली. ती घट्ट होती, दातांनी सोडावी लागली. मी ओरडले, "सिस्टर!"

परेरा सिस्टर दारात आल्या. त्यांनी ट्रेकडे बघितलं. बाळाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, मासा पाण्याबाहेर उघडतो तसं, आणि मिटलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या. भीती म्हणावी तर भीती नव्हे. ओळखीचं माणूस नको त्या जागी दिसल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

"सिस्टर, सकर आणा! उभ्या काय राहिलात?" मी त्यांच्यावर ओरडले. आठ वर्षांत पहिल्यांदा.

त्या धावल्या. सकर म्हणजे घशातला चिकटा ओढून काढायची नळी, तेव्हा ती आम्ही तोंडाने ओढायचो. मी ओढलं, थुंकले, पुन्हा ओढलं. नाळेच्या मुळाशी बोट लावलं तर ठोका होता, इतका सावकाश की दोन ठोक्यांच्या मध्ये मला वाटायचं हा शेवटचा. तोंडावर गॉझचा तुकडा टाकून मी गालातली हवा द्यायला लागले. सिस्टर त्याची पाठ चोळत होत्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या, मोजत होत्या की प्रार्थना करत होत्या ते कळलं नाही. ती खोली इतकी शांत होती की माझी हवा त्याच्या छातीत शिरताना मला ऐकू येत होती, आणि बाहेर पडताना पण. कितीदा दिली आठवत नाही. आधी ओठांचा रंग बदलला. मग छाती माझ्याशिवाय हलली.

तो रडला नाही. कण्हला. म्हातारा माणूस कुशीवर वळताना कण्हतो तसा. मी खरं सांगते, मला आनंद झाला तो बऱ्याच वेळाने. आधी फक्त दूर व्हावंसं वाटलं.

रजनीला बाळ नेऊन दिलं. तिने हात पुढे केले नाहीत. कापडात बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"सिस्टर म्हणाल्या गेलो," ती मला म्हणाली. "मगे हो कोण?"

"अगं तोच आहे. आमची चूक झाली. श्वास होता त्याचा."

"हो माझोच झील मां?" आपलाच मुलगा ना, असं तिने पुन्हा विचारलं. "गेल्लो तोच परत इलो, की दुसरो कोण?"

तिने त्याला दोन दिवस अंगावर पाजलं नाही. मी वाटी-चमच्याने पाजायचे आणि ती उशीला टेकून टक लावून बघायची. बाळही रडायचं नाही. डोळे उघडे ठेवून पडून असायचं. नवरा मोर्चाहून आला, त्याला सांगितलं तर तो जिन्यातच खाली बसला. शेजारच्या कॉटवरच्या बायकांनी आपापली बाळं भिंतीच्या बाजूला सरकवली. मी रागवले, समजावलं, फुप्फुसं, हवा, सगळं सांगितलं. काही उपयोग नाही. आणि खरं तर मलाही त्या पोराच्या नजरेत नजर घालून बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्याला उचकी लागली. एक, दोन, लागतच राहिली. रजनी उठून बसली. पोटावर हात ठेवून ऐकत राहिली. मग तिने त्याला माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. "पोटात होतो तेव्हा पण अशीच लागायची ह्येका," ती म्हणाली, "जेवलंय की लागायची. हो तोच." आणि मग जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत.

अकराव्या दिवशी ती घरी गेली. केसपेपरवर लिहिलं होतं, जन्मतः गुदमरलेलं, उपचारानंतर ठीक. मधल्या वेळाबद्दल कुठे काही नव्हतं. तो मधला वेळ मीच आपल्याशी मोजत राहिले. वार पडायची वाट बघितली, टाके घातले. सात मिनिटं, आठ, कदाचित त्याहून जास्त.

बाळ जन्मलं त्या संध्याकाळी हात धुताना परेरा सिस्टर नळाकडे बघत म्हणाल्या होत्या, "शालू, किती असतील गं?"

"कोण?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

त्यांनी नळ बंद केला. माग चालू असते तर मला तो आवाज आला नसता. माग आठ वर्षं चालू होते. त्या आठ वर्षांत मी असे ट्रे उचलून ठेवले होते आणि नळ सोडून हत्यारं धुतली होती. सिस्टरनी तर तीस वर्षं.

त्यानंतर त्यांनी गाठोडी बांधणं बंद केलं. बाळ गेलं असलं तर कापड नुसतं पांघरायचं, तोंड उघडं. आणि त्या स्लूसमध्ये खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसायच्या. तासभर, कधी दोन तास. शांताराम मामा येऊन परत जायचे. मी कधी आत डोकावले तर ट्रेवर ऊन, हातात घड्याळ धरलेल्या सिस्टर आणि ते बाळ. दोघांपैकी जास्त स्तब्ध कोण ते सांगता यायचं नाही. नवीन मुली त्या खोलीत जायला घाबरायला लागल्या. एकीने मला विचारलं, "सिस्टर कुणाशी बोलतात आत?" मी म्हटलं, "बोलत नाहीत. ऐकतात." तिला ते जास्तच वाईट वाटलं असावं.

मीही बदलले. घरी त्या घड्याळाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये मला कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. गिरणीच्या भिंतीजवळून जाताना पावलं थांबायची. आत बंद मागांवर धूळ बसत होती, दुसरं काही नव्हतं, हे माहीत असून थांबायची. शेवटी मी शिकवण्याचा कोर्स केला आणि ट्यूटर झाले. लोकांना वाटलं बढतीसाठी.

आमच्याकडे शिकवायला बाहुली नव्हती. मीच केली. वडिलांकडे गिरणीतलं कोरं कापड होतं, त्याची पिशवी शिवली, जन्मलेल्या बाळाच्या वजनाएवढी बाजरी आणि भुसा भरला, छातीत फुगा बसवला आणि सलाइनची नळी तोंडापर्यंत आणली. मान बरोबर धरली तरच फुगा फुगायचा. मुलींनी त्याचं नाव 'संपकरी' ठेवलं, कारण तो काही केल्या काम सुरू करायचा नाही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते हसले. तोवर संप मोडल्यातच जमा होता, तो संपला असं मात्र कुणी कधी सांगितलं नाही.

दर गुरुवारी दुपारी वर्ग असायचा. परेरा सिस्टर मागच्या बाकावर येऊन बसायच्या, निवृत्त झाल्यावरही गिरगावातून बस पकडून यायच्या. वही नाही, पेन नाही. मुली तोंडाने किंवा मास्क-फुग्याने हवा द्यायच्या आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. एखादीची हवा नाकातून निसटत असली तर तिथूनच सांगायच्या, "लीक आहे, मास्क दाब."

एका गुरुवारी बाहुली कपाटात होती आणि मी फळ्यावर लिहीत होते. कपाटातून आवाज आला. बारीक, ओला, थांबून थांबून. वर्गातल्या पस्तीस मुली एकदम गप्प झाल्या. पुन्हा आला. एक मुलगी किंचाळली आणि सगळ्या दाराकडे सरकल्या. माझा खडू हातातच राहिला. पण परेरा सिस्टर पहिल्याच आवाजाला बाकावरून उठल्या होत्या. त्या चालत गेल्या, कपाट उघडलं, संपकऱ्याला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणलं आणि पुसायला लागल्या. पाठ चोळली. तळव्यांना टिचक्या दिल्या. मान नीट केली. त्याच्या कुशीतून उंदराचं पिल्लू निघालं आणि टेबलावरून उडी मारून पळालं, फाटक्या पोटातून बाजरी सांडत होती, तरी त्या थांबल्या नाहीत. नळीला तोंड लावून हवा देत राहिल्या. फुगा केव्हाच कुरतडलेला होता.

पस्तीस मुलींतली एकही हसली नाही. मी जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सिस्टर, बास." तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "एक मिनिट झालं का?"

रजनी दोनेक वर्षांनी मुलाला दाखवायला आली होती. उशिरा चालायला लागला होता आणि डाव्या हाताची मूठ उघडायची नाही. "डॉक्टर म्हणतत जन्माक हवा कमी पडली," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणान वाचलो." तिने माझ्या पायाला हात लावला आणि मी तो लावू दिला. मधल्या आठ मिनिटांबद्दल सांगायची ती वेळ होती. मी सांगितलं नाही. तो आता चिंचपोकळी स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. एका हाताने कागद लावतो, पण दोन हातवाल्यांपेक्षा चपळ. माझ्या नोट्स मी तिथेच काढायचे. तो मला ओळखत नाही. "मॅडम, बॅक टू बॅक करू?" एवढंच विचारतो.

परेरा सिस्टर शेवटच्या आजारात होत्या तेव्हा मी खोताच्या वाडीत गेले. लाकडी घर, बाहेरून जिना, गल्लीत कुणाच्या तरी पियानोचा सराव चाललेला. त्यांच्या भाचीने दार उघडलं, मला बसवलं आणि ती औषधं आणायला गेली. सिस्टर कॉटवर लहान झाल्या होत्या. मोकळ्या केसांत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"शालू, दार लाव," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू आमच्याकडे आलीस त्याच्या खूप आधी. मी नवीन इनचार्ज झालेली. रविवार होता, गिरणी बंद. मी एक बाळ बांधून स्लूसमध्ये ठेवलं. मुलगी होती. आणि बेसिन घ्यायला परत गेले."

मी खुर्ची कॉटजवळ ओढली.

"मला आवाज आला गो," त्या म्हणाल्या. "तुला आला तसाच. मी समजले, काहीतरी वाईट आहे. भूत आहे. मी दार ओढून घेतलं, कडी लावली आणि पाठ टेकून बाहेर उभी राहिले. हेल मेरीची प्रार्थना म्हणत होते. तीन झाल्या तेव्हा आत सगळं शांत झालं."

पियानो थांबला होता. मला बोलायला हवं होतं आणि लवकर बोलायला हवं होतं.

"सिस्टर," मी म्हटलं, "ते आचके असतात. जीव गेल्यावर शरीर देतं ते. त्याला काही अर्थ नसतो. तुम्ही आत गेला असतात तरी ते बाळ वाचलं नसतं."

माझा आवाज अगदी सहज निघाला, वर्गात निघतो तसा. त्यांनी माझा हात घेतला आणि माझ्याकडे बघितलं, चुकीची गाठ मारणाऱ्या नवीन मुलीकडे बघायच्या तसं, न रागवता.

"मागच्या बाकावर मी झोपत नव्हते, शालू," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण थँक्यू हं."

पंधरा दिवसांत त्या गेल्या. मातीला मी गेले होते. पेटी उघडी होती तोवर मी त्यांच्या छातीकडे बघत उभी राहिले, जरा जास्तच वेळ. भाचीने मला हळूच बाजूला घेतलं.

पुढच्या गुरुवारी मी वर्गात उभी राहिले. नवीन बॅच होती, कुणाला काही माहीत नव्हतं. पुसणं, चोळणं, मान कशी ठेवायची, सगळं शिकवून झालं आणि मग मी सिस्टरनी मागच्या बाकावरून दर वेळी ऐकलेल्या त्या वाक्यापाशी आले. मला वाटलं होतं आज ते वगळावं.

"आचका म्हणजे श्वास नव्हे," मी म्हटलं. "पण आचका म्हणजे मरणही नव्हे. तो आला तर हातातलं सगळं टाकायचं आणि हवा द्यायला लागायचं. बाळ अजून तुमची वाट बघतंय."

मुली माना खाली घालून लिहीत होत्या. पहिल्या बाकावरच्या एकीने हात वर केला. "मॅडम, 'वाट बघतंय'च्या पुढचं राहिलं."

त्याच्या पुढे काही नव्हतं. मी ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, सावकाश, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत.